पातेल्यातलं मलम

"पीळ, मनकर्णा. तुझी एकटीचीच राहिली."

भिमाबाईने पातेलं पुढे केलं. महिला दूध संस्थेच्या खोलीत बावीस बायका बसल्या होत्या. एकवीस ट्यूब रिकाम्या होऊन फरशीवर पडल्या होत्या. बाविसावी मनकर्णाच्या मुठीत होती.

दुसऱ्या महिन्याच्या या ट्यूब धर्मराजने सकाळीच वाटल्या होत्या. तो मूळचा केजचा, डॉक्टरांच्या अभ्यासाचं काम गावोगाव बघणारा माणूस. इथल्या बावीस मुलांना इसब होता. हिवतापावरच्या औषधाचं मलम त्यावर चालतं का, हे पाहायचं होतं. निम्म्या ट्यूबमध्ये औषध होतं, निम्म्यांत नुसतं साधं मलम. वरून सगळ्या पांढऱ्या, त्यांवर फक्त आकडा; कुणाला कुठला आकडा, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. कोणती कशाची, ते धर्मराजलाही ठाऊक नव्हतं. ज्याची ट्यूब त्यालाच लावायची, एवढी एकच अट होती. तीन महिन्यांनी तो अंगावरचे चट्टे मोजणार होता.

"हिवतापाचं औषध खाजेला," भिमाबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "उद्या डोकं दुखलं तर पायाला पट्टी बांधतील." बायका पोट धरून हसल्या होत्या.

महिनाभरात हसणं थांबलं. अकरा पोरांची कातडी निवळली. अकरांची होती तशीच राहिली. मनकर्णाची जाई चार वर्षांची होती. दोन वर्षं ती झोपेत रक्त निघेपर्यंत खाजवायची. मनकर्णा तिच्या हातांना मोजे घालून वरून सुतळी बांधायची. या महिन्यात मोजे पेटीत गेले. शेजारच्या सुंदरबाईची पोर मात्र अजून चौकटीला कोपरं घासत होती.

दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. टँकर आला की पाणी आधी विहिरीत सोडायचं, मग घरटी चार हंडे. संस्थेला पेंड मिळाली तेव्हाही दुभत्या जनावराला आणि भाकड जनावराला सारखीच दिली. हा भिमाबाईचा नियम होता. त्याच्यावर गावाने दोन उन्हाळे भांडणाशिवाय काढले होते.

"अर्ध्यात भागंल का, अक्का?" मनकर्णाने विचारलं.

"पाणी बी अर्ध्यातच भागवतोय न्हवं? चिठ्ठ्या टाकून कुणाच्या लेकराला द्यायचं न् कुणाच्या न्हाई, ही कसली रीत?"

सुंदरबाई खाली मान घालून बसली होती. तिने एक शब्द काढला नाही. काढला असता तर मनकर्णाला नाही म्हणता आलं असतं.

मनकर्णाने झाकण काढलं आणि ट्यूब पातेल्यात पिळली. भिमाबाईने उलथण्याने मलम कालवलं. बावीस डब्या भरल्या. कुठलीच डबी कमी भरली नाही, कुठलीच जास्त नाही.

पुढच्या महिन्यातही तसंच झालं. धर्मराज रिकाम्या ट्यूब मोजून घ्यायचा आणि विचारायचा, "कुणी वाटून तर वापरलं न्हाई ना?" बावीस जणी "न्हाई" म्हणायच्या. मनकर्णाही म्हणायची. जाईच्या अंगावर चट्टे पुन्हा उठले, पण पूर्वीइतके नाहीत. ती निम्मी रात्र झोपायची. सुंदरबाईची पोरही निम्मी रात्र झोपायची.

मोजणी झाली. पंधरा दिवसांनी धर्मराज निकाल घेऊन आला. चहा पुढे ठेवला, तो त्याने घेतला नाही.

"दोन्ही गटांतली पोरं सारखीच सुधारली," तो म्हणाला.

"सारखीच?" भिमाबाई पुढे सरकली. "कुणाला कमी-जास्त न्हाई?"

"न्हाई, मावशी. अगदी सारखी."

भिमाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर असं समाधान कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे औषधात काही न्हाई," धर्मराज म्हणाला. "असतं, तर एका गटात फरक दिसला असता. जो उतार पडला तो नुसत्या तेलकटपणाचा. डॉक्टरांनी काम बंद केलं. आता मलम येणार न्हाई."

मनकर्णाने भिमाबाईकडे पाहिलं. भिमाबाई कोपऱ्यातल्या पातेल्याकडे बघत होती. खरं काय ते एकीने सांगून भागणार नव्हतं, बाविसांनी सांगायला हवं होतं. धर्मराजने कागद आवरले. फाटकाबाहेर त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि विरून गेला.

डब्यांतलं उरलंसुरलं मलम आठवड्यात संपलं. त्यानंतर पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, सुंदरबाई दारात आली. कडेवर पोर होती. तिचं कोपर सोललं होतं.

"मनकर्णे, ते मोजे हायत का गं?"

मनकर्णाने पेटी उघडली. मागे खाटेवर जाई मान खाजवत होती. मोज्यांचा जोड एकच होता.

तिने एक मोजा सुंदरबाईला दिला आणि एक ठेवून घेतला.