बाटलीचा कान

मुलाने पिशवीतून नवी बाटली काढली आणि बापापुढे धरली.

"घ्या अण्णा. आता हिच्यात खोड काढायला जागाच ठेवली नाही."

अण्णा खाटेच्या कडेवर बसले होते. खाटेखाली जाड लाकडी ठोकळे लावलेले होते, कारण मूळच्या पायांनी केव्हाच हात टेकले होते. अण्णांचे गुडघे गेले, चालणं गेलं, आणि वजन मात्र आगंतुक पाहुण्यासारखं मुक्कामाला आलं. लघवी लागली की मुलाने समोर उभं राहून भांडं धरायचं आणि अण्णांनी भिंतीकडे बघायचं. त्यावर त्यांनी स्वतःच एक उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही. सून सकाळी उशाशी तांब्या भरून ठेवायची आणि संध्याकाळी तोच तांब्या खिडकीतल्या कुंडीत ओतायची. झाड चांगलं फोफावलं होतं.

मुलगा कारखान्यात प्लास्टिकच्या डब्या-बाटल्यांचे साचे बनवायचा. उद्या सकाळी बहिणीकडे जायला गाडी सांगितली होती. रस्ता लांबचा. बहिणीच्या मुलीला अण्णांनी अजून फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि ती आता बोलायलाही लागली होती. अण्णा गाडीत बसतील की नाही, ते या बाटलीवर होतं.

"तोंड रुंद केलंय," मुलगा सांगू लागला. "मान वाकडी केलीय, म्हणजे गेलेलं परत येणार नाही. कारखान्यात एकाच्या पोटाला दोन उशा बांधून पाहिलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, पण थेंब सांडला नाही."

"वा," अण्णा म्हणाले.

त्यांनी बाटली घेतली आणि पायजम्यावरूनच लावून पाहिली. हात पोटावरून गेला, अडला, परत आला. मग बाजूने गेला. बोटं बाटलीच्या कानापर्यंत पोचेनात. त्यांनी ती हळूच गादीवर ठेवली.

"छान झालीय. मेहनत घेतलीस."

"मग उद्या निघायचं?"

"बघू."

या घरात 'बघू' म्हणजे नाही. मुलाचं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांची खटपट, आणि सगळं मुसळ केरात.

"काय वाईट आहे ते तरी सांगा! आणि गाडीत मी असणारच आहे की धरायला. मी काय परका आहे?"

"तेच तर," अण्णा म्हणाले.

अण्णांनी तांब्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"उशा बांधल्या होत्या त्याच्या हातात बाटली होती का रे?"

"नाही. मी धरली होती. तो नुसता उभा होता."

"समोरून धरली होतीस."

"हो. मग?"

"मग काय! बघ की हा कान कुठे आहे ते. तुझ्या बाजूला."

मुलाने बाटली उचलली. ती हातात चपखल बसली. अंगठ्याला खाच होती, बोटांना चार लाटा होत्या, आणि त्या लाटा त्याने रात्र रात्र घासून काढल्या होत्या. स्वतःच्या हाताच्या मापाने. त्याला लाज वाटली. बापाला मोकळं करायला निघाला होता, आणि बाटली केली होती ती स्वतःची सोय बघून.

भिंतीवरच्या खिळ्याला अण्णांचा पाठ घासायचा ब्रश टांगलेला होता. लांब, जरा वाकडा प्लास्टिकचा दांडा. अंगाला जिथे हात पोचत नाही तिथे तो पोचायचा. मुलाने तो काढला आणि पिशवीतली करवत घेतली.

"अरे, माझा ब्रश!"

"दुसरा आणतो."

त्याने ब्रशाचं डोकं उडवलं. बाटलीचा कानही कापून टाकला, खाच आणि लाटांसकट. मग हीट गनच्या कढत झोताने दांड्याचं टोक मऊ करून बाटलीच्या कुशीला जोडलं, असं की बाटली मांड्यांमध्ये राहावी आणि दांडा पोटाला वळसा घालून उजव्या हाताशी यावा. खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. जोड निवल्यावर त्याने ती अण्णांच्या हातात दिली. या वेळी सांगितलं काहीच नाही.

अण्णांनी दांडा धरला. हाताला तो ओळखीचा होता. बाटली खाली गेली, जागेवर टेकली, वर आली. पुन्हा गेली. मग त्यांनी ती बाजूला ठेवली, तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली. मुलगा बघत राहिला. तांब्या खाली आला तेव्हा रिकामा होता.

"गाडी कितीला येणार म्हणालास?"

"सातला."

"हं."

बराच वेळ दोघे बहिणीच्या मुलीबद्दल बोलत बसले. ती कोणासारखी दिसते यावर वादही झाला. मग अण्णा मध्येच थांबले.

"तू आता बाहेर जा. आणि दार लाव."

दार लागेना. त्याच्यामागे कपड्यांचा ढीग टांगलेला होता, खाली जुन्या चपला होत्या. हे दार कोणी लावेल असं घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मुलाने चपला पायाने सारल्या, कपडे दाबले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर उभा राहिला तर हातांचं काय करावं ते त्याला कळेना. काही पडल्याचा आवाज येतो का म्हणून तो कान देऊन होता. काही पडलं नाही. थोड्या वेळाने आतून गुणगुणणं ऐकू आलं. बेसूर होतं, पण निवांत.

सून कुंडीला पाणी घालायला म्हणून तांब्या न्यायला आली आणि दारापाशी थबकली. तिचा चेहरा उतरला.

"दार का लावलंय? काय झालं?"

"काही नाही. थांब जरा," तो म्हणाला. "आत अण्णा आहेत."