सिलिंडरच्या खोलीचं दार

दार बाहेरून धाडकन लागलं आणि पाठोपाठ घंटा वाजायला लागली.

पवित्राच्या हातातला पाना गळून पडला. त्या घंटेचा अर्थ एकच होता. कार्बन मोनॉक्साइड गळतोय. ना रंग, ना वास. कळायच्या आत माणूस आडवा. मधात उसाची साखर मिसळलीय का, हे ओळखणाऱ्या यंत्राला ताडून बघायला तो वायू लागायचा, आणि त्याचा नवा सिलिंडर तिनं आत्ताच जोडला होता.

तिनं झडप आवळली. एकेका सांध्याला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा कुठंच नव्हता. बाहेर आरडाओरडा, पळापळ झाली. मग माणसांचा आवाज थांबला. घंटा थांबेना.

तिनं दार ढकललं. ते बोटभर उघडलं. तेवढ्यात पळत येणारी पावलं ऐकू आली. सुटले, असं तिला वाटलं. पण कुणीतरी दार बाहेरून परत दाबलं.

"उदयदादा? दार उघडा!"

मघाशी जुना सिलिंडर ढकलगाडीवर घालून उदयसिंहच इथून गेला होता. त्यानं घंटा बंद करून ठेवल्याची तक्रार पवित्रानं साहेबांकडं केली होती. काल जिन्यात तो एवढंच म्हणाला होता, "गडहिंग्लजहून आलीस तवा काम मी शिकवलं. माझ्याच पोटावर पाय दिलास की."

"दादा, मरीन मी इथं!"

घंटेच्या आणि पंख्याच्या गोंगाटातून त्याचा आवाज तुटक आला. "गॅस... आतच..."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो दार दाबून उभा होता!

मग दाराखालच्या फटीत काहीतरी पांढरं सरकलं. त्याचा एप्रन. तेवढी फटही तो बुजवत होता.

पवित्राला दरदरून घाम फुटला. डोकं जड झालंय का? श्वास अडतोय का? तिनं खांदा लावून दार रेटलं. परत परत रेटलं. तोंडाला येईल ते त्याला बोलली, मग 'अव्वा, अव्वा' अशा आईला हाका मारत कानडीत रडली. दार दर वेळी थोडं हलायचं आणि मिटायचं. हळूहळू मिटायला वेळ लागायला लागला. शेवटी ते हलेचना, नुसतं जड होऊन बसलं.

उघडलं तेव्हा समोर अग्निशामक दलाचा जवान होता. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवून त्यानं तिला आवारात आणलं. प्रयोगशाळेतली बाकीची माणसं तिथं डोकं धरून बसली होती.

"उदयदादानं मला कोंडलं," ती ओरडली. "गॅसमध्ये कोंडलं!"

पहारेकरी केरबा पुढं आला.

"आत कुठला गॅस, म्याडम? गाडीवरचा सिलिंडर भाईर पॅसेजमधी पडला, त्याची झडप तुटली. समद्यांना भाईर काढून त्यो बी निघालाच हुता. तेवढ्यात तुम्ही दार ढकलाय लागला, म्हणून माघारी पळाला. दाराला पाठ लावूनच गावला त्यो."