हक्काची रजा

जुलैत स्वीडनमधलं आमचं अख्खं वेस्तेरोस शहर तळ्याकाठच्या लाकडी घरांकडे पळतं. कारखान्यात उरतो तो एकटा झुराब, आमचा टर्बाइनचा इंजिनियर, आणि आमच्या टेबलांवरच्या कुंड्या. सलग दुसऱ्या वर्षी त्यालाच "पाणी घालशील ना?" असं विचारताना मला राहवलं नाही.

"अरे, घे की तूही सुट्टी! कारखाना काय तुझ्या बापाचा आहे?"

"जाऊ कुठे, लेना? कामाचा परवाना वाढवायचा अर्ज गेल्या वर्षापासून पडून आहे. निकाल लागेपर्यंत स्वीडनबाहेर पाऊल टाकलं, तर परत आत घेणार नाहीत. तिकडे घरी, तिबिलिसीत, आई रोज फोनवर विचारते, कधी येतोस म्हणून. सुट्टी घेऊन इथे खोलीत भिंती मोजत बसू? त्यापेक्षा तुझं झाड बरं. ते तरी काही विचारत नाही."

ऑगस्टमध्ये आम्ही मस्त ऊन खाऊन परतलो. कुंड्या हिरव्यागार होत्या. झुराबच्या अर्जाचा निकालही आला होता. त्याने तो कागद माझ्यापुढे धरला.

 

"दोन वर्षांत एकही रजा न देऊन कंपनीने या कर्मचाऱ्याची पिळवणूक केली आहे, सबब परवाना नामंजूर, चार आठवड्यांत देश सोडावा."