कडक बाण

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी रुख्माचे बांबूचे बाण दमट हवेने वाकले. निखाऱ्यांवर शेकून पाहिले, तरी सरळ होईनात. कार्बनचे नवे बाण घेण्याची तिची ऐपत नव्हती. तेव्हा त्याच चाचणीला उतरणाऱ्या वैजयंतीताईने आपणहून स्वतःचे जुने काळे बाण पुढे केले.

"घे, अगदी स्वस्तात देते तुला."

"पण ताई, माझ्या धनुष्याला चालतील?"

"न चालायला काय झालं?"

रुख्माला धनुष्य धरायला शिकवलं होतं ते याच ताईने. तिने पुन्हा विचारलं नाही.

चाचणीत पहिला बाण डावीकडे गेला, दुसरा आणखी डावीकडे. रुख्मा कोपर सावरत राहिली, श्वास रोखून धरत राहिली, आपल्याच हाताला दोष देत राहिली. संघातली एकुलती रिकामी जागा ताईला मिळाली.

नंतर प्रशिक्षक सरांनी रुख्माचा एक बाण दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. "हे फार कडक आहेत. जड धनुष्याचे बाण हे. तुझ्या हलक्या धनुष्यावरून सरळ जाणारच नाहीत. कुणी दिले तुला?"

रुख्माने शेजारी उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. ताईच आधी बोलली.

"स्वस्त मिळतं म्हणून या मुली काहीही उचलतात, सर. हिला मी किती वेळा सांगितलं."

सरांनी मान डोलावली. आता रुख्माने खरं सांगितलं असतं, तरी ती हरलेलीची कुरकुरच ठरली असती.