दोनशे एमबीच्या आत

"एकाही फाइलीत माणूस नाही, देवेश! एकाही!"

चेतनाने हार्ड डिस्क काउंटरवर आपटली. देवेशने आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये कॅमेरे बसवून द्यायचं काम तो करायचा. कॉलेजात दोघं एका वर्गात होते, तिच्या घरी जेवून गेलेला होता तो. म्हणून तर तिचं डोकं जास्त फिरलं होतं.

तिचा धाकटा भाऊ प्रितम मागच्याच गल्लीत एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होता. गेल्या महिन्यात प्रेस हातावर आली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेठ म्हणत होता, हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी होती, घाईघाईत यानेच त्या दुपारी काढली. उद्या कामगार न्यायालयात तारीख होती. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा शेठ खुशाल घ्या म्हणाला आणि कॉपीचं काम देवेशकडे आलं. याने दिलं काय, तर बंद गाळा. सुट्टीचा गाळा. कोणी नसतानाचा गाळा.

"कॅमेऱ्यात होतं ते दिलं," देवेश म्हणाला.

"मला शिकवतोस? अंधेरीला रोज हेच करते मी, कंपनीचा अख्खा बॅकअप घेते. हालचाल असली की फाइल फुगते. रिकाम्या गाळ्याची बारीक राहते. या डिस्कवर दोनशे एमबीच्या वरची एक फाइल नाहीये. तू कॉपीच्या कमांडला मॅक्स-साइज लावलंस, त्याहून मोठी फाइल उचलायचीच नाही. जिथे जिथे काही घडलं, ते सगळं बाहेर!"

देवेशने डिस्क उचलून उगाचच शर्टाला पुसली.

"चूक झाली गं. दोनशे जीबी टाकायचं होतं. नुसता आकडा टाकला, पुढचं अक्षर राहिलं."

चेतना मोठ्याने हसली. बाहेर हातगाडीवाला वळून बघायला लागला.

"नुसता आकडा टाकला ना, तर ते दोनशे बाइट धरतं. बाइट! चार ओळींचा मेसेज मावत नाही त्यात. मग या डिस्कवर एक फाइल आली नसती. तू अक्षर लावलंस, देवेश. एम लावलंस. नीट विचार करून लावलंस."

देवेशने डिस्क काउंटरवर ठेवली.

"मूळ रेकॉर्डिंग कुठाय?"

"रेकॉर्डरवर जुनं पुसून नवं चढतं. आता नाही राहिलं."

"आणि शेठकडे?"

"हेच. एकाच कमांडने दोन डिस्क केल्या."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भावाला आयुष्यभर डाव्या हाताने जेवायचंय आणि हा इथे शेठची चाकरी करतो. तिने त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. विकला गेलास, आईच्या हातचं खाल्लंस त्याची तरी लाज ठेवायचीस. देवेश मान खाली घालून ऐकत राहिला. ती पोलीस चौकीत जायला वळली तेव्हा मात्र त्याने स्वतःचा फोन लावून तिच्या हातात दिला.

पलीकडे प्रितम होता. दिंडोशीच्या घरातून बोलत होता.

"ताई, त्याला काही बोलू नकोस. ते मीच करायला सांगितलं."

"तू?"

"मोठ्या फाइलीत माझ्या जोडीला काम करणारा बाळा दिसतो. मी पत्रा सरकवत होतो, प्रेस खाली आणणाऱ्या पायडलवर पाय त्याचा होता. शेठनेच दोघांना एका प्रेसवर लावलेलं, माल लवकर काढायला. पण ते कॅमेऱ्याला कुठे ऐकू येतं? नुसता बाळाचा पाय दिसणार. शेठ ते दाखवून त्याच्यावर केस घालणार आणि स्वतः हात झटकून मोकळा होणार. म्हणून तर खुशाल घ्या म्हणाला."

"मग मला का नाही सांगितलंस, गाढवा? महिनाभर मी काय झक मारत होते?"

"तुला सांगितलं असतं, तर तू सोडलं असतंस बाळाला?"

बाळाचं नाव कानावर पडल्यापासून तिच्या मुठी वळलेल्या होत्या. त्याला दोन मुली आहेत आणि अपघातानंतर प्रितमला उचलून हॉस्पिटलात नेणारा तोच होता, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सोडलं नसतं.

"आणि तू?" ती ओरडली. "तू उद्या कोर्टात काय दाखवणार? रिकाम्या भिंती?"

"तू त्या फाइली बघितल्यास ना?"

"रात्रभर बघितल्या! माणूस नाही एकाही फाइलीत!"

"माणूस शोधत होतीस तू," प्रितम म्हणाला. "मशीन बघ."

देवेशने एव्हाना डिस्क जोडली होती. त्याने अपघाताच्या आदल्या रविवारची फाइल उघडली. कारखाना बंद, पत्र्यांच्या थप्प्या, मधोमध प्रेस. त्याने त्याच्या आधीची उघडली, मग त्याच्याही आधीची. चेतनाने त्याला बाजूला सारून माउस स्वतःच्या हातात घेतला.

रविवारमागून रविवार ती प्रेस जबडा वासून उभी होती, आणि जाळी एकाही दिवशी तिच्यावर नव्हती.