तात्पुरतं संगीत

पडद्यावरच्या अंतराळयानातला एकेक दिवा मालवत गेला. आत एकटी उरलेली बाई तरंगत काचेपाशी आली, आणि पूर्ण वाद्यवृंदाने एक जुनी, संथ रचना भरदारपणे उचलली.

संकलकाने मागे वळून पाहिलं. संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत मागच्या कोचावर आई डोळे मिटून ऐकत होती. जन्मभर तिने पोरांना व्हायोलिनवर हीच रचना शिकवली होती. आज ती सिनेमात वाजणार, म्हणून त्याने तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"थांबव," दिग्दर्शक म्हणाला. "छान आहे, पण लग्नाच्या हॉलमध्ये वाजतंय असं वाटतं. बाई मरायला टेकलीय रे. तुझं ते आधीचं लाव."

"ते तात्पुरतं होतं," संकलक घाईने म्हणाला. "नुसतं जागा भरायला."

"तेच माझ्या डोक्यात बसलंय. लाव."

चित्र जुळवताना खरं संगीत तयार नसतं. म्हणून हाताला येईल ते चित्राखाली लावून ठेवतात आणि मागाहून काढून टाकतात. त्याने लावलं होतं ते फोनवरचं ध्वनिमुद्रण. आई स्वयंपाकघरात एकटीच तीच रचना वाजवत बसली होती, तेव्हा दाराआडून, तिला न सांगता घेतलेलं. काढूनच टाकायचं तर सांगायचं कशाला, असं त्याला वाटलं होतं.

त्याने ते लावलं. यानातले दिवे पुन्हा मालवत गेले. या वेळी एकटं व्हायोलिन आलं. गज तारेवर थरथरत होता. एका ठिकाणी घसरला, थांबला, पुन्हा लागला. मध्येच खुर्ची करकरली.

संकलकाने मागे पाहिलं नाही.

"ही करकर पण ठेव हं. यानच मोडतंय असं वाटतं," दिग्दर्शक खुशीत आला. "आणि वाजवणारा काय शोधलायस! चांगल्या वादकाचे पाय धरले तरी त्याला इतकं वाईट वाजवता येणार नाही. कोण आहे हा?"

उत्तर एका शब्दाचं होतं.

"जुनं पडलेलं होतं कुठेतरी," तो म्हणाला. "कोणाचं ते माहीत नाही."



"काकू, तुम्ही तर मास्तरीणबाई," दिग्दर्शक मागे वळला. "द्या बरं याला गुण."

समोर परीक्षेला पोर उभं असावं, तशी आई सरसावून बसली.

"सुरुवातीला घाई केलीय," ती म्हणाली. "गज घसरल्यावर मात्र सोडून दिलं नाही. पुन्हा तिथूनच धरलंय. लहान मुलं तिथे रडायला लागतात."

"म्हणजे पास?"

"हात आता ऐकत नाही म्हणायचा. पण पास."

दिग्दर्शक हसला. संकलकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघ, पास झाला तुझा बेवारशी. पण शेवटी नावं येतात, तिथे काय घालायचं? शोधून काढ बाबा कोणाचं ते. उद्या कोणी दारात येऊन उभं राहायला नको."

संकलकाने तोंड उघडलं. आता बोललं तर खोटं दोघांपुढे उघडं पडणार होतं. न बोललं तर एकीपुढेच.

"कोणी येणार नाही," आई म्हणाली. "ज्याचं आहे त्याला कळलंय."

दिग्दर्शकाला ते नीटसं उमगलं नाही. त्याने उठून आळस दिला.

"दिवे लाव रे."

दिव्यांचं बटण संकलकाच्या हाताशीच होतं. तो अंधारात ते चाचपत राहिला.