चार फुटांची भिंत

झुंबरबाईने किंमत सांगितली, फुटाला तीनशे, सहा फुटांचे अठराशे. पण सांगताना तिचा आवाज आपोआप खाली गेला. नाशिकच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि पेठच्या डोंगरातून आणलेलं तिचं एकही चित्र अजून गेलं नव्हतं.

समोर उभ्या असलेल्या साहेबांचा अंबडला कारखाना होता. नव्या ऑफिसात चित्र लावायचं होतं. गेरूने माखलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाने रंगवलेलं लग्न त्यांना मनापासून आवडलं होतं. अडचण एवढीच की भिंत चार फुटांची होती.

"मांडव आणि नाच तेवढा द्या," ते म्हणाले. "बाकीचं कापून घ्या."

पैशांवर अडलंय असं तिला वाटलं. सहा फूट चारच्या भावात न्या, म्हणाली. मग हजारावर आली. साहेब मान हलवत राहिले.

"बाई, मला तुमचं नुकसान नाही करायचं. पूर्ण अठराशे घ्या. पण मला चारच फूट हवंय."

प्रदर्शन भरवणाऱ्या मनोजने तिला बाजूला घेऊन सांगितलं, असं गिऱ्हाईक परत मिळायचं नाही. तो खोटं बोलत नव्हता.

चित्राच्या डाव्या टोकाला नवरीच्या माहेरची माणसं होती, मांडवाकडे निघालेली. डोक्यावर टोपली घेतलेली आई, काठी टेकत चाललेला आजा, कडेवर पोर घेतलेली बहीण. त्यांच्या पुढे मनोजने पेन्सिलीने उभी रेघ मारली.

"जरा थांब, भाऊ. माणसं अलीकडं घेते."

तिने पिशवीतून पिठाची वाटी आणि बांबूची काडी काढली. फरशीवर बसून मांडवाजवळच्या मोकळ्या जागेत आधी आई काढली. मग आजा. आज्याची काठी घाईत वाकडी झाली. बहिणीसाठी तिने काडी पुन्हा पिठात बुडवली.

साहेब वाकून बघत होते. अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "आता गर्दी नका करू, बाई. मोकळं आहे तेच छान दिसतंय."

काडी तशीच वाटीत राहिली. बहीण पोरासकट रेघेपलीकडे राहिली.

मनोज कात्री घेऊन आला. झुंबरबाईने दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं, कात्री सरळ चालावी म्हणून.